जाती ओळ, येती ओळ

पिंगळी, ९ ऑगस्ट

सूर्यभान मामा,

मायना काय लिहावा यातच माझे दोन कागद वाया गेले. मामा म्हणायचा हक्क मी मार्चमध्येच घालवला आहे, पण ‘श्री. सूर्यभान’ असं लिहिलं असतं तर पाकीट न फोडताच तुम्ही चुलीत सारलं असतं. म्हणून मामाच.

फोन तुम्ही घेत नाही. आदिनाथ तुमच्याच गावचा, दर शनिवारी सोनपेठच्या एसटीने घरी येतो, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. कृषी संशोधन केंद्रावर तुमच्या जागी आता तो वजनाचा काटा धरतो. त्याचा राग करू नका. तो स्वतःच म्हणतो की मामांचा हात वेगळा.

काम लहान आहे. ज्वारीच्या कापणीला तुम्ही प्रत्येक वाफ्यातली पाच-पाच कणसं कागदी पिशव्यांत भरून ठेवली होती, वर पाटीचा नंबर लिहून. मी तेव्हा म्हटलं होतं, हा पसारा कशाला, आकडे आले की झालं. त्या पिशव्या मला आता हव्या आहेत आणि गोदामात कुठेच नाहीत. उंदरांनी खाल्ल्या असतील तर तसंही सांगा.

कशासाठी हव्यात ते पुढे लिहीन. मार्चमध्ये जे झालं त्याबद्दल आज काही लिहीत नाही, कारण माझीच अजून खात्री पटलेली नाही. धुरपदामामींना नमस्कार सांगा.

अर्पिता


पिंगळी, १८ ऑगस्ट

मामा,

पिशव्या सापडल्या. आदिनाथने सांगितलं, तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि मामींकडे तोंड करून म्हणालात, "गोदामाच्या माळ्यावर पत्र्याची पेटी हाय, लिंबाच्या पाल्यात." उत्तर मला नाही, मामींना दिलंत. तेवढंही मला पुष्कळ आहे. एकाही कणसाला कीड नाही.

आता सगळं लिहिते. आकडेवाल्या माणसाला क्रमाशिवाय चैन पडत नाही, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगीन. कंटाळू नका.

गेल्या रब्बीत आपण ज्वारीचे बारा वाण पेरले. चार ओळी, ओळीत बारा वाफे, म्हणजे प्रत्येक वाण चार वेळा. मेळाव्याला येणाऱ्या शेतकऱ्यांना सोपं जावं म्हणून चारी ओळींत एकच क्रम ठेवायचं ठरलं. विहिरीकडे एक नंबर, लिंबाकडे बारा. तसा नकाशा मी छापला आणि तुमच्या हातात एक ते बारा लावलेल्या बियांच्या पुड्यांचे चार गठ्ठे दिले. जानेवारीत अवकाळी पाऊस झाला, लाकडी खुंट्यांवरची शाई गेली. मग मी पत्र्याच्या नव्या पाट्या रंगवून घेतल्या आणि नकाशाप्रमाणे लावल्या. फेब्रुवारीच्या शेवटी कापणी. एक आड एक ओळ कापायची तुमची पद्धत, मध्ये बसायला जागा होते म्हणून. पहिली आणि तिसरी ओळ माझ्यासमोर तोलली. दुसऱ्या दिवशी मला परभणीला बैठक होती, तेव्हा दुसरी आणि चौथी तुम्ही एकट्याने तोलली.

आकडे मी संगणकात भरले. तुम्ही जिला ‘ताईंची आर’ म्हणायचात, त्या आलेख काढणाऱ्या भाषेत एका पानावर बारा चौकोन मांडले, वाणाला एक. प्रत्येक चौकोनात दोन रंग. मी उभी असताना तोललेलं निळं, तुम्ही एकट्याने तोललेलं लाल. सहा आणि सात नंबर सोडले तर दहाही चौकोनांत निळं एकीकडे आणि लाल भलतीकडे. तीन नंबर निळ्यात चार किलोच्या वर, लालात सव्वादोन. ते पान घेऊन मी संचालकांच्या, किशनरावांच्या खोलीत गेले. तुम्हाला बोलावलं आणि तुमच्या तोंडावर म्हटलं की दुसऱ्या-चौथ्या ओळीचे आकडे बसल्या जागी लिहिलेले आहेत.

तुम्ही एवढंच म्हणालात, "मी तोलूनच लिवलंय, मॅडम." सहा वर्षांत पहिल्यांदा ताईची मॅडम झाले. मग काटा टेबलावर ठेवलात आणि सव्वीस वर्षांचं काम सोडून स्टेशनकडे चालत गेलात. मी खिडकीतून पाहत होते. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हेही लिहून टाकते. मी बरोबर आहे असं मला वाटत होतं.

गेल्या महिन्यात अहवाल तपासणाऱ्यांनी कळवलं की वाणानुसार आलेख पुरेसे नाहीत, ओळीनुसारही द्या. मग मी चार आलेख केले, ओळीला एक. दोन वर आणि दोन खाली बसवले, तर खालचे नंबर एकमेकांच्या अंगावर चढायला लागले. म्हणून एकाखाली एक, एकाच रकान्यात लावले आणि चारही आलेखांना माप एकच दिलं. पान छापून हातात घेतलं. पहिल्या ओळीत उंच खांब तिसऱ्या जागी. दुसऱ्या ओळीत तसाच खांब दहाव्या जागी. तिसऱ्या ओळीत पुन्हा तिसऱ्या, चौथीत पुन्हा दहाव्या. तो एकच खांब नाही, सगळेच तसे. पहिली ओळ डावीकडून वाचत गेले आणि दुसरी उजवीकडून वाचत आले, तर तेच ते.

बसल्या जागी लिहिलेले आकडे असे ओळीने उलटे येत नाहीत, मामा. तुम्ही पहिली ओळ पेरत लिंबापर्यंत गेलात. तिथे वळलात, दुसरा गठ्ठा सोडलात आणि एक नंबरच्या पुडीपासून विहिरीकडे पेरत आलात. तिफण धरलेला कोण शहाणा माणूस रिकाम्या हाताने ओळीच्या सुरुवातीला परत चालत जाईल? जाती ओळ आणि येती ओळ. शेतात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मी मानवतच्या बाजारपेठेत वाढले, आमच्या घरी ज्वारी पोत्यातच उगवायची. पाट्या मात्र मी चारी ओळींत विहिरीकडूनच लावत गेले.

तरी मन मानेना, म्हणून पिशव्या हव्या होत्या. दुसऱ्या ओळीतल्या दहा नंबरच्या पिशवीतून तीन नंबरची कणसं निघाली, मान वाकलेली. चौथ्या ओळीतही तसंच.

तुम्ही दाणा न् दाणा तोलला होता. चूक माझ्या पाट्यांची होती. मला माफ करा असं एका ओळीत लिहून मोकळं होता येत नाही, तरी लिहिते. मला माफ करा.

अर्पिता


पिंगळी, २५ ऑगस्ट

मामा,

पोळ्याहून आदिनाथ आला. पत्र पोचलं म्हणाला. तुम्ही वाचलंत की नाही ते त्याला माहीत नाही, पण डब्यात ठेवलंत, जिथे रेशनकार्ड ठेवता तिथे.

त्याने आणखी एक सांगितलं आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. श्रावणातल्या सप्त्याला घरोघरचं धान्य गोळा होतं ते देवळात तुम्ही मोजायचात. एकोणीस वर्षं. तुमची पायली कुणी तपासत नव्हतं. यंदा पायली दत्तरावांच्या हाती दिली. कुणी काही बोललं नाही म्हणे, नुसतं तुम्हाला बोलावणंच आलं नाही. तुम्ही सात दिवस देवळाकडे फिरकला नाहीत.

केंद्रातली गोष्ट केंद्रात राहील असं मी धरून चालले होते. इथल्या एका खोलीत उच्चारलेलं वाक्य सोनपेठच्या बाजारातून तुमच्या गावी जाईल आणि तिथे जाईपर्यंत ‘सूर्यभान काट्यात खोटं करतो’ असं होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खालचं काय दिसणार?

आणि आता खरं सांगते. मी हे अजून किशनरावांना सांगितलेलं नाही. नवं पान माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझ्या कायम नोकरीचा कागद सप्टेंबरात निघायचा आहे. सहा वर्षं मी त्याची वाट बघते आहे. तो निघाला की दुसऱ्या दिवशी सांगेन, असं रोज स्वतःला समजावते. तुम्हाला हे वाचून राग यावा अशीच माझी इच्छा आहे. माझ्या एकटीच्या रागाने काम होत नाही.

अर्पिता


पिंगळी, ७ सप्टेंबर

मामा,

सांगितलं. कागद निघायची वाट पाहिली नाही. यात मोठेपणा काही नाही. खण उघडला की ते पान दिसायचं, आणि स्टेपलर त्याच खणात असतो.

किशनराव बराच वेळ पान उलटसुलट करत बसले. मग म्हणाले की दुरुस्ती करून टाका, पाट्यांचे नंबर बदलले, अहवाल सुधारला, विषय संपला, यात कुणाचं नाव कशाला काढायचं. मी म्हटलं, आरोप करताना आपण नाव काढलं होतं. त्यांनी पान माझ्याकडे परत सरकवलं. माणूस वाईट नाही, त्यांना गोंधळ नको असतो. माझा कागद वर्षभर पुढे गेला. तुम्हाला परत घ्यायला त्यांची हरकत नाही. रजिस्टरमधला तुमच्यावरच्या आरोपाचा शेरा मी माझ्या हाताने खोडला आणि खाली कारण लिहून सही केली.

पण एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नाही. आधीच्या पत्रांत तुमच्यापासूनही लपवली, जणू तुम्हाला ती आठवतच नसेल.

पाट्या लावायच्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर होता. दुसऱ्या ओळीत तिसऱ्या वाफ्याशी तुम्ही थांबलात. म्हणालात, "ताई, ही पाटी हितली न्हाई. तीन नंबरची मान वाकडी असती, ही सरळ हाय." कॉलेजची पंधरा-वीस पोरंपोरी शेत बघायला आली होती, सगळी आपल्याकडे बघत होती. मी नकाशाचा कागद तुमच्यासमोर धरला आणि म्हणाले, "नकाशा मी काढलाय, मामा. तुम्ही फक्त खड्डा घ्या."

पोरं हसली. तुम्ही खड्डा घेतलात.

म्हणजे मला सांगणारं कुणी नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं ज्वारी बघितलेला माणूस शेजारी उभा राहून सांगत होता आणि मी कागदाकडे बघत होते. पुढे आकडे जुळले नाहीत तेव्हा ते वाक्य मला आठवायला हवं होतं. आठवलंही, अगदी थोडंसं. मी ते बाजूला सारलं. बारा चौकोनांत कोणते दोन गट पाडायचे हे आर ठरवत नाही, मी ठरवते. ओळीचे गट पाडले असते तर त्याच दिवशी कळलं असतं. मी माणसांचे पाडले, माझा निळा आणि तुमचा लाल. आलेख काढायच्या आधीच मी तुम्हाला चोर ठरवून बसले होते, आणि नाचता येईना म्हणून अंगणाला नावं ठेवली.

इथल्या रजिस्टरातला शेरा खोडून तुमच्या गावातलं बोलणं खोडलं जात नाही. म्हणून मी येते आहे. सतरा सप्टेंबरला मुक्तिदिनाचं झेंडावंदन असतं, गाव ग्रामपंचायतीसमोर जमतं. सरपंचांना फोन करून दहा मिनिटं मागून घेतली आहेत. तुम्ही या अगर येऊ नका. मी येणार.

अर्पिता


तुमच्या ओसरीवरून, १७ सप्टेंबर

मामा,

तुम्ही आला नाहीत. मामी म्हणाल्या, उजाडताच बैलं घेऊन शेतात गेलात आणि त्या जाणार आहेत का असं एकदाही विचारलं नाहीत. वाट बघितली असती, पण तीनची एसटी गाठायची आहे. म्हणून झालं ते लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं.

ते पान एवढ्या लोकांना दिसणार कसं, म्हणून परभणीला फ्लेक्सच्या दुकानात नेऊन मोठं केलं, सहा फूट उंच. दुकानदाराने दोनदा विचारलं की वाढदिवस कुणाचा आणि फोटो कुठे टाकायचा. चार आलेख, एकाखाली एक, खाली कुणाचाच फोटो नाही, असा फ्लेक्स त्याने जन्मात छापला नसेल. आदिनाथने तो ग्रामपंचायतीच्या भिंतीला बांधला.

झेंडावंदन झालं, भाषणं झाली, मग मी उभी राहिले. मी माझं नाव सांगितलं आणि सांगितलं की मार्चमध्ये मी सूर्यभान मामांना खोटं ठरवलं, ते खोटे नव्हते, चूक माझी होती. इथपर्यंत ठीक झालं. मग मी आलेख समजावून सांगायला लागले आणि सगळं बिघडलं. आडवा अक्ष, उभा अक्ष, गट, क्रम. पुढे बसलेले लोक मान हलवत होते, पण ती बँकेतल्या साहेबासमोर हलवतात तशी. मागे कुणीतरी चहाचं विचारलं. दहा मिनिटं संपतील आणि तुमचं नाव तिथेच राहील असं मला वाटलं.

तेवढ्यात मामी उठल्या. मला वाटलं, निघाल्या. त्या सरळ फ्लेक्सपाशी आल्या, पदर खोचला आणि पहिल्या आलेखावर बोट ठेवलं. डावीकडून उजवीकडे बोट नेत गेल्या, कडेला आल्यावर बोट खाली घेतलं आणि दुसऱ्या आलेखावरून उजवीकडून डावीकडे परत आल्या. तिसऱ्यावरून गेल्या, चौथ्यावरून आल्या. सगळं गाव बघत होतं.

"ही जाती ओळ," त्या म्हणाल्या. "हितं वळले. ही येती. आन् पाट्या लावणारी दर येळेला हिरीपासून लावत आली. मंग सांगा, ह्यात तोलणाऱ्याचा काय गुन्हा?"

बायकांमध्ये आधी हसू फुटलं, मग पुरुषांमध्ये. मला हसले, आणि मला बरं वाटलं. एका म्हाताऱ्याने उठून तो उंच खांबाचा वाण कोणता म्हणून विचारलं, बी मिळेल का विचारलं. ज्याला त्याला कळलं होतं. सहा महिने मला जे दिसलं नाही ते मामींच्या बोटाने मिनिटभरात दाखवलं.

मग दत्तराव उभे राहिले. मला धाकधूक होती, कारण पायली त्यांच्याकडे आहे. ते म्हणाले, "यंदा पायली माझ्या हातात व्हती, पर सातबी दिस मला मान वर करून बसता आलं न्हाई. फुडच्या सप्त्याला सूर्यभानच मोजणार." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कुणी नाहीही म्हटलं नाही. सरपंचांनी चहा सांगितला.

मामींनी मला पिठलं-भाकरी वाढली. मी विचारलं की मामा मला माफ करतील का. त्या म्हणाल्या की ते त्यांनाच विचारा, त्यांच्या मनातलं सांगायचा ठेका मी घेतला न्हाई. मग दोन भाकरी वर बांधून दिल्या.

पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. तुमचा काटा मी तेल लावून ठेवला आहे. आलात तर मला फार आनंद होईल, आणि नाही आलात तर का नाही ते मला कळेल.

अर्पिता


२९ सप्टेंबर

अर्पिताताईस,

सूर्यभानचा नमस्कार. तुमची पाचही पत्रं पोचली, डब्यात हायत. शिवकन्या, माझी नात, लिवून देती म्हणली, पर हे दुसऱ्याच्या हातानं लिवायचं न्हाई. अक्षर लावून घ्या.

फलक आठ दिस ग्रामपंचायतीवर व्हता. येणारं-जाणारं बोट फिरवून बघायचं. आता आणून कडब्यावर टाकलाय, छापलेली बाजू वर.

तुमी गावासमोर बोललात ते आयकलं. मी शेतात गेलो ते तुमच्या रागानं न्हाई. तुमच्या पानावर एक गोष्ट आली न्हाई, ती पोटात ठिवून मला तिथं माझा चांगुलपणा आयकून घ्यायचा न्हवता. ती अशी की पाट्यांच्या दिवशी मी एकदाच बोललो. तुमी खड्डा घ्या म्हणालात, पोरं हसली, मला लय राग आला. म्हणलं, लावू दे कुटंबी पाट्या, पडू दे तोंडावर. त्याच्या फुडं दीड महिना ती पाटी मी रोज बघायलो व्हतो आन् गप बसलो. तोलताना बी गप. काटा खरा व्हता, पर मी खरा न्हवतो.

मार्चात तुमी मला खोटं म्हणलात तवा सगळं तोंडावर आलं व्हतं. पर सांगितलं असतं तर किशनरावसाहेब म्हणले असते, ठावं व्हतं तर आदी का न्हाई बोललास. त्याला माझ्याकडं जबाब न्हवता. म्हणून निघून आलो. फोन बी त्याच्यासाठीच उचलला न्हाई.

हे दत्तरावाला सांगितलं, म्हणलं पायली तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. तो म्हणला, गप बसल्याचा गुन्हा धरला तर गावात मापाला माणूस उरायचा न्हाई. मामीला सांगितलं तर ती म्हणली, मला जानेवारीतच ठावं व्हतं.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिशी सकाळच्या गाडीनं येतो. नकाशा तुमीच काढा, ताई, पाट्या बी तुमीच लावा. खड्डा मी घेतो. पर ह्या खेपेला तुमी आयकस्तोवर बोलणार हाय.

सूर्यभान